फाइल-वहन सर्व्हरवरील प्रवेशसंदेश : रचना, मर्यादा आणि भाषा

एका संगणकावरील फाइल दुसऱ्या संगणकावर नेण्याच्या ज्या पद्धती प्रचारात आहेत त्यांपैकी ‘एफटीपी’ ही अत्यंत जुन्या पद्धतींपैकी एक होय. तिचा पहिला आराखडा अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये ‘आरएफसी ११४’ या निवेदनपत्राच्या रूपाने मांडला. भूषण हे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे आरंभीच्या तुकडीतील पदवीधर. त्या वेळी ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे काम करीत होते. पुढे या पद्धतीत अनेक फेरफार झाले आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये जॉन पोस्टेल व जॉइस रेनॉल्ड्स यांनी ‘आरएफसी ९५९’ या पत्रात तिची जी नियमावली ग्रथित केली तीच मूलतः आजही प्रमाण मानली जाते. सार्वजनिक वापरातून ही पद्धती हळूहळू मागे पडत चालली आहे हे खरे. लिनक्स कर्नेलच्या संग्रहाने मार्च २०१७ मध्ये आणि डेबियन प्रकल्पाने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपले सार्वजनिक एफटीपी सर्व्हर बंद केले. क्रोम व फायरफॉक्स या ब्राउझरांनी २०२१ मध्ये तिचा आधार काढून घेतला. तथापि संस्थांच्या अंतर्गत जाळ्यांत, मोजमापाची उपकरणे, स्कॅनर व छपाईयंत्रे यांच्याकडून येणारी सामग्री गोळा करण्याच्या कामी, आणि शास्त्रीय माहितीच्या मोठ्या भांडारांत तिचा उपयोग चालूच आहे. ज्या विभागाजवळ स्वतःचा संग्रह आहे आणि तो दूरच्या अभ्यासकांना उपलब्ध करून द्यावयाचा आहे, त्याला तिची ओळख असणे अजूनही अनाठायी ठरणार नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र या पद्धतीचा एक लहानसा भाग आहे. सर्व्हरशी जोडणी होताच जो मजकूर समोर येतो, नाव व पासवर्ड स्वीकारला गेल्यावर जो येतो, किंवा प्रवेश नाकारला गेल्यास जो येतो, तो आपल्या गरजेप्रमाणे कसा ठरवावा, हा तो भाग होय. वरवर पाहता ही सजावटीची बाब वाटते, आणि पुष्कळ ठिकाणी ती तशीच हाताळली जाते. वस्तुतः या दोनचार ओळींमुळे रात्रीच्या वेळी आपोआप चालणारी फाइलींची देवाणघेवाण बंद पडू शकते, सर्व्हरची दुबळी जागा परक्याच्या नजरेस येऊ शकते, आणि कायद्याच्या दृष्टीने ‘परवानगी’ या शब्दाचा अर्थही त्यांवर थोडाफार अवलंबून राहू शकतो. म्हणून त्यांचा विचार जरा विस्ताराने करणे योग्य होईल.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एफटीपी सर्व्हरच्या प्रत्येक उत्तराला दोन वाचक असतात : एक यंत्र आणि दुसरा मनुष्य. उत्तराच्या आरंभी तीन अंकी संकेतांक असतो, तो यंत्रासाठी. त्यानंतर येणारे वाक्य मनुष्यासाठी. क्लायंटने, म्हणजे वापरणाऱ्याच्या बाजूच्या प्रोग्रामने, आपला पुढचा निर्णय केवळ संकेतांकावरून घ्यावा आणि वाक्य सोयीप्रमाणे गाळावे किंवा मनुष्याच्या डोळ्यांसमोर ठेवावे, अशी नियमावलीची अपेक्षा आहे. वाक्याची शब्दरचना सर्व्हरगणिक निराळी असू शकते हेही तिने मान्य केलेले आहे. संदेश आपल्या इच्छेप्रमाणे बदलण्याची मुभा मिळते ती याच सवलतीतून. आणि तिची मर्यादाही याच ठिकाणी आहे. वाक्य आपले, अंक मात्र नियमावलीचे. २२० च्या जागी ५०० घालण्याचा अधिकार कोणाही व्यवस्थापकाला नाही.

या अंकांची योजना मोठी सुबक आहे. १९७४ च्या आरएफसी ६४० ने संकेतांकांची जी फेरमांडणी केली तिच्यामुळे पहिल्या अंकावरूनच उत्तराची जात कळते. १ म्हणजे काम सुरू झाले आहे, अजून उत्तर यावयाचे आहे. २ म्हणजे काम पार पडले. ३ म्हणजे आतापर्यंतचे ठीक, आणखी माहिती हवी. ४ म्हणजे तूर्त नकार, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. ५ म्हणजे कायमचा नकार. दुसऱ्या अंकावरून विषय समजतो : २ असल्यास जोडणीविषयी, ३ असल्यास ओळख पटविण्याविषयी, ५ असल्यास फाइलींविषयी. आपल्या विषयापुरते पाहावयाचे तर २२० म्हणजे ‘नव्या वापरकर्त्यासाठी सेवा सिद्ध आहे’, ३३१ म्हणजे ‘नाव मिळाले, पासवर्ड द्यावा’, २३० म्हणजे ‘प्रवेश झाला’, ५३० म्हणजे ‘प्रवेश झालेला नाही’, ४२१ म्हणजे ‘सेवा उपलब्ध नाही, जोडणी बंद करीत आहोत’ आणि २२१ म्हणजे निरोप. सर्व्हरवर गर्दी झाली असता ४२१ देणे आणि ५३० देणे यांत क्लायंटच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या उत्तरानंतर सुजाण क्लायंट थांबून पुन्हा येतो, दुसऱ्यानंतर तो वापरकर्त्याला परत पाठवितो. संदेशातील वाक्य कितीही आर्जवी असले तरी अंक चुकीचा असल्यास त्या आर्जवाचा काही उपयोग होत नाही.

(या लेखात संकेतांक छपाईच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्षात ते ज्याला आंतरराष्ट्रीय अंक म्हणतात त्याच अंकांत पाठविले जातात, आणि तसेच पाठविले पाहिजेत. त्याचप्रमाणे पुढे जी सेटिंगांची नावे येतील ती मूळ फाइलीत रोमन लिपीत असतात हे वाचकांनी लक्षात ठेवावे.)

आता अनेक ओळींच्या संदेशाकडे वळू. खरी गुंतागुंत येथेच आहे. उत्तर एका ओळीचे असेल तर अंकांनंतर एक मोकळी जागा व मग वाक्य, एवढेच पुरते. परंतु संस्थेचे नाव, संग्रहाची माहिती, वापराच्या अटी असा मजकूर द्यावयाचा तर एक ओळ अपुरी पडते. अशा वेळी पहिल्या ओळीत अंकांनंतर मोकळ्या जागेऐवजी आडवी रेघ, म्हणजे हायफन, घालतात; तिचा अर्थ ‘अजून पुढे आहे’ असा. शेवटच्या ओळीत तोच अंक पुन्हा लिहून त्यापुढे मोकळी जागा सोडतात. मधल्या ओळींत काय असावे याविषयी नियमावली बरीच उदार आहे. त्यांच्या आरंभी अंक असण्याची सक्ती नाही. एकच अट आहे : एखादी मधली ओळ तीन अंकी संख्येने सुरू होत असेल तर तिच्या आधी काही भरती, म्हणजे एखादी मोकळी जागा, घालावी, म्हणजे ती शेवटची ओळ आहे असा भ्रम होणार नाही.

ही अट मोडल्यास काय होते ते एका उदाहरणाने पाहावे. समजा, एका संग्रहाच्या स्वागतसंदेशात मधली एक ओळ अशी आहे : ‘२२० हस्तलिखितांच्या प्रती उपलब्ध आहेत’. आणि समजा, ही संख्या आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिलेली असून सर्व्हर मधल्या ओळींपुढे आपण होऊन काही जोडीत नाही. क्लायंटला ती ओळ २२० या उत्तराची अखेर वाटते. तो स्वागत संपले असे समजून वापरकर्त्याचे नाव पाठवितो आणि उत्तराची वाट पाहू लागतो. परंतु त्याच्या हाती पडतात त्या स्वागतसंदेशाच्याच उरलेल्या ओळी. त्यांतील शेवटची, खरी २२० ची ओळ, तो नावाला मिळालेले उत्तर समजतो. त्यानंतर येणारे ३३१ त्याला पासवर्डचे उत्तर वाटते. आणि अशा रीतीने सर्व संवाद एका पायरीने घसरतो. काही क्लायंट येथे थबकून राहतात, काही गोंधळून जोडणी तोडतात, काही तर पुढे जातात आणि दुसऱ्याच आज्ञेचे यश आपल्या आज्ञेचे समजतात. शेवटचा प्रकार सर्वांत वाईट, कारण त्यात बिघाड झाल्याचे कोणालाच कळत नाही. गंमत अशी की हीच संख्या देवनागरी अंकांत लिहिली असती तर काहीच बिघडले नसते. देवनागरी अंक यंत्राच्या दृष्टीने निराळीच चिन्हे आहेत, तो त्यांना संकेतांक समजत नाही.

आजचे बहुतेक सर्व्हर हा धोका स्वतःच टाळतात. उदाहरणार्थ, ‘व्हीएसएफटीपीडी’ हा ख्रिस एव्हान्स यांनी लिहिलेला सर्व्हर बॅनरच्या फाइलीतील प्रत्येक ओळीपुढे संकेतांक व हायफन स्वतः जोडतो आणि अखेरीस २२० ची एक रिकामी ओळ देऊन उत्तर बंद करतो. जुन्या काळी मात्र क्लायंटांचीच तयारी अपुरी होती. सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेला ‘डब्ल्यूयू-एफटीपीडी’ हा सर्व्हर १९९० च्या दशकात फार लोकप्रिय होता. त्याच्या माहितीपत्रकात बॅनरविषयी स्पष्ट इशारा दिलेला होता की अनेक ओळींची उत्तरे ज्यांना समजत नाहीत असे क्लायंट या सोयीमुळे संग्रहाचा उपयोगच करू शकणार नाहीत. यावर त्या सर्व्हरने एक साधी युक्ती योजली होती. अनामिक प्रवेशाच्या वेळी पासवर्ड म्हणून आपला ई-मेल पत्ता देण्याची रीत असे. त्या पत्त्याच्या आरंभी एक हायफन घातला की सर्व्हर लांबलचक माहितीपर ओळी गाळून टाकीत असे. त्या काळच्या अनेक संग्रहांच्या स्वागतातच ही सूचना छापलेली आढळे. ज्याचा क्लायंट त्या स्वागतापाशीच अडकत असे त्याला ती कितपत वाचता येत असेल, हा प्रश्न अर्थात निराळा.

संदेश कोणत्या क्षणी द्यावयाचा यालाही महत्त्व आहे. जोडणी होताच येणारे बॅनर जगातील कोणीही पाहू शकतो. प्रवेशानंतरचा संदेश फक्त ज्याची ओळख पटली त्याला दिसतो. तिसरा प्रकार विशिष्ट डिरेक्टरीत पाऊल टाकल्यावर दिसणाऱ्या सूचनेचा. आणि चौथा निरोपाचा. या चार जागांचे भान न ठेवता सगळा मजकूर पहिल्याच जागी कोंबण्याची प्रवृत्ती पुष्कळ ठिकाणी दिसते. माझ्या मते ती सर्वस्वी चुकीची आहे. संग्रहात नवीन काय आले, डिस्कवर किती जागा उरली, देखभालीसाठी सर्व्हर कधी बंद राहील, ही माहिती घरच्या माणसांची. ती दारावर लिहिण्याचे कारण नाही.

व्हीएसएफटीपीडीमध्ये या कामासाठी थोडीच सेटिंगे आहेत. ‘एफटीपीडी बॅनर’ या सेटिंगात एका ओळीचा संदेश लिहिता येतो. तो न दिल्यास सर्व्हर कंसात आपले नाव व आवृत्ती जाहीर करतो. अनेक ओळी हव्या असल्यास ‘बॅनर फाइल’ या सेटिंगात मजकुराच्या फाइलीचा मार्ग देतात, आणि दोन्ही दिली असल्यास फाइलीलाच मान मिळतो. ‘डिरमेसेज एनेबल’ चालू केल्यास, एखाद्या डिरेक्टरीत ‘डॉट मेसेज’ नावाची फाइल असेल तर वापरकर्ता तेथे प्रथम येताच तिच्यातील मजकूर त्याला दाखविला जातो. नवशिक्याची चूक होण्याची एक हमखास जागा येथे सांगून ठेवावीशी वाटते : या सर्व्हरच्या सेटिंगांत बरोबरीच्या चिन्हाच्या अलीकडे वा पलीकडे मोकळी जागा सोडलेली चालत नाही. ती सोडल्यास संदेश तर बदलत नाहीच, पण सर्व्हर सुरू होण्यासही नकार देऊ शकतो. शिवाय सेटिंग बदलल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावाचून नवा मजकूर दिसत नाही.

‘प्रोएफटीपीडी’ या सर्व्हरची रचना अधिक तपशीलवार आहे. तेथे ‘डिस्प्ले कनेक्ट’, ‘डिस्प्ले लॉगिन’, ‘डिस्प्ले चडिर’ व ‘डिस्प्ले क्विट’ अशा चार निरनिराळ्या आज्ञांनी वर सांगितलेल्या चारही जागांसाठी चार फाइली नेमता येतात. यशस्वी प्रवेशानंतरचे वाक्य ‘ॲक्सेस ग्रँट मेसेज’ने व नकाराचे ‘ॲक्सेस डिनाय मेसेज’ने बदलता येते; सर्व्हरने स्वतःची ओळख सांगावी की नाही आणि सांगावयाची तर कोणत्या शब्दांत, हे ‘सर्व्हर आयडेंट’ने ठरते. फाइलींतील मजकुरात काही चल-चिन्हे घालण्याची सोय डब्ल्यूयू-एफटीपीडीपासून चालत आलेली आहे : शेकडा-चिन्हापुढे मोठे ‘टी’ अक्षर लिहिल्यास त्या जागी वर्तमान वेळ येते, मोठे ‘यू’ लिहिल्यास वापरकर्त्याने दिलेले नाव, मोठे ‘एन’ लिहिल्यास त्या क्षणी जोडलेल्यांची संख्या, मोठे ‘एम’ लिहिल्यास कमाल संख्या. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या सर्व्हरमध्ये हेच काम चार चौकटींत होते : बॅनर, स्वागत, निरोप, आणि कमाल जोडण्या झाल्याची सूचना. तेथे सर्व्हरचे मूळ बॅनर दडपून टाकण्यासाठी एक वेगळी खूण करावी लागते. ती न केल्यास आपल्या मजकुराबरोबर कंपनीचे नावही झळकत राहते.

फाइलीचा मार्ग देताना आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते. सुरक्षिततेसाठी पुष्कळ सर्व्हर वापरकर्त्याला प्रवेशानंतर एका ठराविक डिरेक्टरीतच कोंडून ठेवतात. त्या डिरेक्टरीपलीकडचे जग त्याच्या लेखी नाहीसे होते. जोडणीच्या वेळचे बॅनर या कोंडणीपूर्वी दाखविले जाते, म्हणून त्याचा मार्ग संपूर्ण यंत्रणेच्या मुळापासून मोजावयाचा. त्यानंतरच्या संदेशांचा मार्ग मात्र कित्येकदा त्या कोंडलेल्या डिरेक्टरीपासून मोजावा लागतो. डब्ल्यूयू-एफटीपीडीत अनामिक प्रवेशाच्या बाबतीत हा भेद स्पष्टच होता. मजकूर ठीक, सेटिंग ठीक, आणि तरीही संदेश दिसत नाही, अशी तक्रार असेल तेव्हा प्रथम हीच शंका घ्यावी.

आता मजकुराविषयी. सर्व्हरचे नाव आणि आवृत्ती बॅनरमध्ये असू नये, असे बहुतेक जाणकार सांगतात. त्यामागील कारण २०११ च्या एका प्रसंगावरून चांगले कळते. त्या वर्षी जुलैच्या आरंभी असे उघडकीस आले की व्हीएसएफटीपीडीच्या २.३.४ या आवृत्तीची, मूळ वितरणस्थळावरून घेतली जाणारी प्रत कोणी तरी बदलून ठेवली होती. त्या बदललेल्या प्रतीत, वापरकर्त्याच्या नावात विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह व त्यापुढे बंद होणारा कंस, म्हणजेच परिचित हसरा चेहरा, आला की ६२०० क्रमांकाच्या पोर्टावर परक्याला यंत्राचा ताबा देणारे दार उघडत असे. त्याआधी नोव्हेंबर २०१० च्या अखेरीस प्रोएफटीपीडीच्या १.३.३सी या आवृत्तीच्या बाबतीतही असाच प्रकार घडला होता. अशा वेळी जे सर्व्हर आपली आवृत्ती पहिल्याच ओळीत जाहीर करीत होते त्यांची यादी तयार करणे हे शोधणाऱ्याच्या दृष्टीने काही क्षणांचे काम होते. अर्थात आवृत्ती लपविली म्हणजे दोष दूर झाला असे नव्हे. सर्व्हर इतर आज्ञांना कशी उत्तरे देतो यावरूनही त्याची जात ओळखता येते. आवृत्ती लपविणे हा निम्मा उपाय आहे. सर्व्हर वेळोवेळी अद्ययावत करणे हा पहिला.

नकाराच्या संदेशात याहून सूक्ष्म प्रश्न आहे. ‘असे नाव आमच्याकडे नाही’ आणि ‘पासवर्ड चुकला’ ही दोन निराळी वाक्ये देणे वापरकर्त्याच्या सोयीचे खरे. परंतु त्यांमुळे कोणती नावे खरी आहेत हे परक्यालाही एकेक नाव तपासून कळू शकते. म्हणून मे १९९९ च्या आरएफसी २५७७ या पत्रात असे सुचविले आहे की नाव खरे असो वा खोटे, सर्व्हरने ३३१ हेच उत्तर द्यावे आणि पासवर्ड मिळाल्यानंतरच नकार कळवावा. तीन ते पाच निष्फळ प्रयत्नांनंतर ४२१ देऊन जोडणी बंद करावी, अशीही त्यात शिफारस आहे. संदेश आपल्या शब्दांत लिहिताना नेमका हाच भेद पुन्हा आत येऊ नये याची काळजी घेतली पाहिजे. ‘नाव अथवा पासवर्ड बरोबर नाही’ एवढे वाक्य पुरेसे आहे. त्यापुढे विभागाच्या कार्यालयाशी संपर्क साधण्याची सूचना जोडली म्हणजे खऱ्या वापरकर्त्याचीही सोय होते.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेतील ‘सर्ट’ या संस्थेने एक सूचनापत्र काढून, वापरकर्त्याच्या हालचालींवर देखरेख होत असल्यास तशी पूर्वसूचना प्रवेशाच्या बॅनरमध्ये द्यावी असे तेथील न्यायखात्याच्या मतानुसार कळविले. तेव्हापासून सरकारी सर्व्हरांवर लांबलचक इशारे देण्याची प्रथा रूढ झाली. अमेरिकेतील जैवतंत्रज्ञान-माहितीचे राष्ट्रीय केंद्र आपल्या एफटीपी सर्व्हरवर असा अनेक ओळींचा इशारा देत आले आहे. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये संगणकाच्या मालकाच्या अथवा प्रभारी व्यक्तीच्या ‘परवानगीवाचून’ केलेल्या प्रवेशाबद्दल भरपाईची जबाबदारी सांगितली आहे, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ लागू होते. परवानगी कोणाला आहे व कोणाला नाही हे दारावरच लिहिलेले असेल तर पुढे वाद उरत नाही. ‘आपले स्वागत आहे’ हे शब्द बॅनरमध्ये नसावेत, त्यांमुळे सर्वांनाच आमंत्रण दिल्यासारखे होते, असा उपदेश व्यवस्थापकांना वारंवार केला जातो. केवळ एका शब्दावर खटल्याचा निकाल फिरेल असे मानण्याची गरज नाही. पण स्वागत प्रवेशानंतर आणि अट प्रवेशापूर्वी हा क्रम मुळातच अधिक तर्कशुद्ध आहे.

मराठीतून संदेश द्यावयाचा तर तांत्रिक अडचण किती? मूळ पद्धती केवळ इंग्रजी वर्णमालेची, प्रत्येक अक्षरासाठी एक बाइट मानणारी होती. जुलै १९९९ मध्ये आरएफसी २६४० या पत्राने तिला जागतिक लिपींसाठी मोकळे केले : फाइलींची नावे यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत असावीत, आणि ‘लँग’ या नव्या आज्ञेने क्लायंटने स्वागताची व उत्तरांच्या वाक्यांची भाषा मागून घ्यावी, असे त्यात सांगितले. या योजनेत मराठीसाठी ‘एमआर’ हे दोन अक्षरी चिन्ह येते. कल्पना उत्तम, परंतु ही आज्ञा पाळणारे सर्व्हर व ती देणारे क्लायंट दोन्ही विरळा. व्यवहारात मराठी संदेश देण्याचा मार्ग हाच की बॅनरची फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवावी आणि सर्व्हरने ती जशीच्या तशी पाठवावी. या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘नमस्कार’ या शब्दात न, म, स, हलन्ताचे चिन्ह, क, काना व र अशी सात चिन्हे आहेत, म्हणजे एकवीस बाइट झाले. ज्या क्लायंटला यूटीएफ-८ समजत नाही तो या शब्दाच्या जागी एकवीस निरर्थक चिन्हांची माळ दाखवील. म्हणून फाइल साठविताना तिच्या आरंभी अदृश्य क्रमखूण जोडली जाऊ देऊ नये, आणि मराठी मजकुरानंतर एक ओळ साध्या रोमन अक्षरांतही द्यावी, हे श्रेयस्कर. येथे अभिमानाचा प्रश्न करण्याचे कारण नाही. ती ओळ वाचणारा आपलाच, परंतु जुन्या यंत्रासमोर बसलेला अभ्यासक असू शकतो.

शब्दयोजनेविषयीही काही सांगण्यासारखे आहे. इंग्रजी इशाऱ्यांचे शब्दशः भाषांतर केले की ‘अनधिकृत प्रवेश हा कायदेशीर कारवाईस पात्र ठरेल’ अशा धर्तीची, कोणालाही आपली न वाटणारी वाक्ये तयार होतात. त्यांऐवजी सरळ मराठी लिहावी. एक नमुना देतो :

२२०-विभागीय संशोधन-संग्रह
२२०-हा संग्रह नोंदणी केलेल्या अभ्यासकांसाठी आहे.
२२०-इतरांना येथे प्रवेशाची परवानगी नाही.
२२०-येथील वापराची नोंद ठेवली जाते.
२२० नाव व पासवर्ड द्यावा.

आणि प्रवेशानंतर :

२३०-नमस्कार. आपले संग्रहात स्वागत आहे.
२३०-अडचण आल्यास विभागाच्या कार्यालयास कळवावे.
२३० प्रवेश झाला.

‘द्यावा’, ‘कळवावे’ ही विध्यर्थी रूपे येथे फार उपयोगी पडतात. त्यांत ‘तू’ की ‘तुम्ही’ हा प्रश्नच उद्भवत नाही, आज्ञेचा कठोरपणा येत नाही आणि वाक्यही आखूड राहते. ओळ साधारणतः सत्तर चिन्हांच्या आत ठेवावी.

एफटीपीचा मोठा दोष असा की तिच्यात नाव, पासवर्ड व मजकूर सर्व उघड्यावर जातात. २००५ च्या आरएफसी ४२१७ प्रमाणे ती गूढलेखनाच्या आवरणात चालविता येते. पण त्यातील नेहमीच्या रीतीत २२० चे बॅनर आवरण चढण्यापूर्वीच पाठविले जाते, हे मजकूर ठरविताना विसरता कामा नये. अनेक संस्थांनी आता ‘एसएफटीपी’ स्वीकारली आहे. नावाचे साम्य असले तरी ती एसएसएच या वेगळ्या पद्धतीवर उभी आहे आणि तीन अंकी उत्तरे तिच्यात नाहीत. तेथे प्रवेशापूर्वीचा संदेश ‘ओपनएसएसएच’ सर्व्हरच्या ‘बॅनर’ या सेटिंगात फाइलीचा मार्ग देऊन ठरवितात. तो स्वतंत्र जातीच्या निरोपाने जातो, म्हणून फाइलींच्या वाहतुकीत मिसळत नाही. परंतु काही जण स्वागताचे वाक्य वापरकर्त्याच्या शेलच्या आरंभ-फाइलीत लिहून ठेवतात, आणि मग एसएफटीपी ‘अतिदीर्घ निरोप आला’ अशी तक्रार करून बंद पडते. कारण मजेदार आहे. या पद्धतीत प्रत्येक निरोपाचे पहिले चार बाइट त्याची लांबी सांगतात. शेलने लिहिलेले इंग्रजी ‘वेलकम’ मध्येच आले की त्याची पहिली चार अक्षरे लांबी म्हणून वाचली जातात, आणि ती संख्या होते १४६ कोटी ६२ लाख ६४ हजार ६७५. ओपनएसएसएच २५६ किलोबाइटांपेक्षा मोठा निरोप स्वीकारीत नाही, तेव्हा तो हात झटकतो. स्वागताचा एक शब्द, पण चुकीच्या जागी उच्चारलेला.

सर्व बदल झाल्यावर परीक्षा घ्यावयाची ती सुंदर दिसणाऱ्या क्लायंटमधून घेऊ नये. असे क्लायंट उत्तरे गाळून, सजवून दाखवितात. टेलनेट अथवा नेटकॅट यांसारख्या साध्या साधनाने सर्व्हरच्या २१ क्रमांकाच्या पोर्टाशी जोडणी करावी आणि येणारा मजकूर जसाच्या तसा पाहावा. पहिल्या ओळीत अंकांनंतर हायफन आहे का, शेवटच्या ओळीत तोच अंक व मोकळी जागा आहे का, मध्ये कोठे तीन अंकी संख्येने ओळ सुरू होते का, सर्व्हरचे नाव व आवृत्ती कोठे डोकावते का, हे पाहावे. मग मुद्दाम अस्तित्वात नसलेले नाव द्यावे, नंतर खरे नाव व चुकीचा पासवर्ड द्यावा, आणि दोन्ही वेळची उत्तरे शब्दशः सारखी आहेत याची खात्री करावी. ही परीक्षा विभागाच्या जाळ्यातून एकदा व बाहेरून एकदा घ्यावी, कारण मधली संरक्षक यंत्रणा कधी कधी बॅनर स्वतः बदलून पुढे पाठविते. अखेरीस ‘क्विट’ ही आज्ञा द्यावी; २२१ आले म्हणजे जोडणी रीतसर बंद झाली.